सुट्टीतले उपक्रम तालुक्यांतही हवेत

उन्हाळी सुट्टीत पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी कथाकथन, चित्रकला, हस्तकलेचे उपक्रम होणार असल्याची बातमी वाचून आनंद झाला. मात्र ते पणजीपुरते राहू नयेत. पणजीतील पाटो भागातले हे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे, देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. त्याचा अभिमान आहेच. पण सत्तरी, पेडणे, काणकोण या गोव्यातल्या दूरच्या तालुक्यांतील मुलांनी मे महिन्याच्या उन्हात बस बदलत तिथे रोज कसे जावे? तालुका व गावच्या ग्रंथालयांत आठवड्यातून दोन दिवस तरी हे उपक्रम व्हावेत. रंग-कागदाला फारसा खर्च येत नाही आणि गोष्टी सांगणारे निवृत्त शिक्षक गावोगावी आहेत. घरी जाताना प्रत्येक मुलाला एक पुस्तक वाचायला द्यावे, तेही अनामत रक्कम न मागता.

— एक पालक, वाळपई