दाराशी टांगलेला डबा

योग्याकार्ता, २५ मे

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर मी पुन्हा, गाव सोडून माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर राहायला या, हा विषय काढला आणि बाबा, तुम्ही गप्प झालात. आईने घाईघाईने फणसाचं काहीतरी काढून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. म्हणून लिहायला बसले आहे. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. फ्लॅटचं शेवटी येईल. आधी मी राहते ते गाव सांगते, कारण माझं मन बदललं ते इथे राहून.

गाव कसलं, वाडीच ती. इंडोनेशियातल्या जावा बेटावर, योग्याकार्ता शहराच्या पश्चिमेला, स्लेमान जिल्ह्यात, प्रोगो नदीच्या अलीकडे. साठेक घरं, एक मशीद, एक पटांगण, आणि परसू संपलं की लगेच भाताची खाचरं. खाचराला इथे 'सावाह' म्हणतात. ईशान्येला मेरापी ज्वालामुखी आहे. पहाटे आभाळ स्वच्छ असलं की त्याच्या शेंड्यावरचा धूर दिसतो. २०१० साली तो फुटला तेव्हा डोंगरउतारावरची साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. इकडे राख आली, कौलांवर, केळीच्या पानांवर, विहिरीत. अशीच राख हजारो वर्षं या मातीत मुरत आली आहे. बाबा, आपल्या जांभ्यावर तुम्ही टोपल्याटोपल्याने शेणखत ओतत आलात. इथली काळी, भुसभुशीत माती तुम्ही हातात घेतली असतीत तर लवकर खाली टाकली नसतीत.

जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे १५ कोटींवर माणसं. जमिनीचे तुकडे होणारच. अर्ध्या हेक्टरपेक्षा, म्हणजे आपल्या सव्वा एकरापेक्षा कमी जमीन असेल त्याला इथे 'गुरेम' शेतकरी म्हणतात. या वाडीत बहुतेक सगळे गुरेमच. आपली वीस गुंठ्यांची मळी इथे कुणाला लहान वाटणार नाही.

मी ज्यांच्याकडे राहते ते म्हातारा-म्हातारी दोघंच. त्यांना सगळे म्बाह काकुंग आणि म्बाह पुत्री म्हणतात, म्हणजे आजोबा आणि आजी. आई, आजीला 'पुत्री' म्हणतात हे ऐकून मला पहिल्या दिवशी इतकं गोड वाटलं! आपले शब्द इथे असे जागोजागी भेटतात. देसा म्हणजे गाव, बूमी म्हणजे जमीन, सुआमी म्हणजे नवरा. माणसं मुसलमान, पाच वेळा नमाज पढणारी, आणि शेजारच्या मुलाचं नाव बिमा. पटांगणात चामड्याच्या बाहुल्यांचा 'वायांग' खेळ लागला की सगळी वाडी रात्रभर जागून महाभारत बघते. महिन्यातून एकदा रस्ता झाडायला, चर साफ करायला घरटी एक माणूस बाहेर पडतो, त्याला 'केर्जा बाक्ती' म्हणतात. केर्जा म्हणजे कार्य, बाक्ती म्हणजे भक्ती. आपण श्रमदान म्हणतो, पण मला हा शब्द जास्त आवडला.

पाणी बारमाही आहे आणि त्याची गोष्ट तुम्हाला आवडेल. ते येतं सेलोकान माताराम नावाच्या कालव्यातून. प्रोगोपासून ओपाक नदीपर्यंत सुमारे ३१ किलोमीटर लांब. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, इथे जपान्यांचा अंमल होता. ते माणसं धरून वेठीला दूरदूर नेत, आणि नेलेले कितीतरी परत आलेच नाहीत. तेव्हा योग्याकार्ताचे सुलतान नववे हामेंग्कुबुवोनो यांनी जपान्यांना पटवलं की आमचा मुलूख कोरडा आहे, धान्य हवं असेल तर आधी कालवा खणू द्या. माणसं कालव्यावर लागली, म्हणून आपल्या घराजवळ राहिली. म्बाह काकुंगचे वडील त्या खोदकामावर होते. अजूनही म्हातारबाबा पाटात पाय सोडून बसतात तेव्हा आधी पाण्याला हात लावतात. पाळीचं पाणी सोडायला गावाचा माणूस असतो, 'उलू-उलू', म्हणजे आपल्याकडचा पाटकरी. भांडणं होतात, पण ती बांधावरच मिटतात.

काही जण खाचराच्या कडेने खोल चर खणून भातातच मासे सोडतात. त्याला 'मिना पादी' म्हणतात, मिना म्हणजे आपला मीनच. मला आपली वलगण आठवली. पहिल्या पावसात बाबा कंदील घेऊन शेतात जायचे आणि मी मागे टोपली घेऊन. इथे ते मासे कुठून चढून येत नाहीत, विकत आणून सोडावे लागतात, एवढाच फरक.

आपण शेतात उभ्या असलेल्यालाही भात म्हणतो आणि ताटातल्यालाही. इथे शेतात असतो तो 'पारी', झोडून झाला की 'गाबाह', कांडला की 'बेरास' आणि शिजला की 'सेगो'. पारीची देवी आहे, देवी श्री. कापणीआधी शेताच्या कोपऱ्यात केळीच्या पानावर भात, अंडी, अख्खी कोंबडी मांडतात, प्रार्थना म्हणतात आणि पहिल्या थोड्या लोंब्या कापून घरी आणतात. 'विवितान' म्हणतात त्याला, म्हणजे आरंभ. आई, आपण दाराला नवं बांधतो ना, तसंच. म्बाह पुत्रीने मला ट्रंकेतून 'आनी-आनी' काढून दाखवली. तळहातात मावेल एवढी लाकडी पट्टी आणि तिला बारीकसं पातं. पूर्वी बाया एकेक लोंबी तिने कापायच्या. पातं मुठीत लपतं, म्हणजे देवी श्री दचकत नाही. १९७० च्या दशकात बुटक्या, भरघोस जाती आल्या, त्या विळ्याने बुडातून कापायच्या. आनी-आनी ट्रंकेत गेली. त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पूर्वी कापणीला येईल त्या बाईला कापलेल्याचा वाटा मिळायचा. मग व्यापारी उभं पीकच ठोक्याने घेऊ लागले आणि स्वतःची टोळी आणू लागले. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्या बायांचं वर्षाचं धान्य गेलं. म्बाह पुत्री लहानपणी अशाच घरातली. ती हे सांगते तेव्हा आवाज चढवत नाही, फक्त आनी-आनी पुन्हा फडक्यात गुंडाळते.

बाबा, आता तुमच्या कामाचं. ते तपकिरी तुडतुडे, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी आपला खालचा कोपरा जाळल्यासारखा केला, त्यांनी इथे त्याच सत्तरच्या दशकात हाहाकार केला होता. जितकी फवारणी जास्त, तितके तुडतुडे जास्त, कारण त्यांना खाणारे कोळी आणि किडेच औषधाने मरत होते. शेवटी १९८६ मध्ये सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून बांधावरच्या शाळा सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा शेतकरी जमायचे, भाताचे चूड बघायचे आणि कागदावर चित्र काढायचे, एका बाजूला पिकाचे शत्रू, दुसऱ्या बाजूला मित्र. म्बाह काकुंग अजूनही खाचरात उतरले की आधी कोळी मोजतात. एक तुडतुडा दिसला की पंप पाठीला लावू नका, ही माझी विनंती. तुमच्या छातीसाठीही. उंदरांसाठी इथे खांबांवर घुबडांची घरटी बांधतात. आई म्हणेल अपशकुनी. पण आई, लक्ष्मीचं वाहन ते.

डिसेंबरातल्या एका रात्रीची गोष्ट राहिलीच. वीज गेली होती, आम्ही खळ्यावजा अंगणात बसलो होतो. पूर्वेला ते तीन तारे दिसले, बाबांनी मला आपल्या खळ्यातून दाखवलेले, मृगाच्या पोटातला बाण. मी म्बाह काकुंगना बोटाने दाखवले. ते म्हणाले, "वलुकू." म्हणजे नांगर. आपल्याला तिथे हरीण दिसतं, यांना नांगर. यांची शेतीची जुनी दिनदर्शिकाही आहे, बारा 'मांग्सा', वर्ष सुरू होतं २२ जूनला. आपण सूर्य मृगात शिरला की पेरतो. यांचा पाऊस नोव्हेंबरच्या सुमाराला लागतो, म्हणजे हा नांगर संध्याकाळच्या आभाळात वर येऊ लागतो तेव्हा नांगरट. दोन टोकांचे दोन पावसाळे, आणि तारे तेच. त्या रात्री मला तुमची फार आठवण आली.

या घरातली तीनही मुलं बाहेर आहेत, जाकार्ताकडे कारखान्यांत. रमजान संपला की लेबारानला घरी येतात. लाखो माणसं एकाच आठवड्यात निघतात, रस्ते तुंबतात. आपल्या चाकरमान्यांच्या गणपतीसारखंच. दोन महिन्यांपूर्वी घर भरलं होतं, आठ दिवसांनी रिकामं झालं. गाडी वळणाआड गेल्यावर म्बाह पुत्री किती वेळ अंगण झाडत होती. झाडण्यासारखं काही नव्हतं. आई, तू काय करतेस मी निघाल्यावर? मी कधी विचारलंच नाही.

आता तो डबा. इथे प्रत्येक घराच्या दाराशी एक छोटा डबा टांगलेला असतो. 'जिम्पितान'. जिम्पित म्हणजे चिमूट. पूर्वी त्यात घरोघरी चिमूटभर तांदूळ ठेवायचे, आता पाचशे रुपियाचं नाणं, आपले तीन रुपयेसुद्धा नाहीत. रात्री गस्तीवरचे चार-पाच जण डबे रिकामे करत फिरतात. त्या पैशातून कुणाच्या आजारपणाला, कुणाच्या मयताला मदत होते, दिवे बदलले जातात.

महिन्यापूर्वी एका रात्री आमचा डबा रिकामा निघाला. मी त्या रात्री शहरात अडकले होते. पैसे न ठेवल्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. पण गस्तीवरचा एक पोरगा म्हणाला, या घराचा डबा कधी रिकामा नसतो. त्यांनी दार वाजवलं. म्बाह पुत्री तापाने फणफणून पडली होती आणि म्बाह काकुंगना गुडघ्यामुळे उठवत नव्हतं. पोरांनी 'केंतोंगान' वाजवलं, तो बांबूचा पोकळ ठोकळा इथे कोपऱ्याकोपऱ्यावर टांगलेला असतो. पाच मिनिटांत अंगणात माणसं जमली. रात्री दोन वाजता ती दवाखान्यात पोचली. मी सकाळी आले तेव्हा शेजारीण चुलीवर पेज ढवळत होती.

त्या दिवशी मला वाटलं, यांच्या मुलांनी यांना इथून हलवायला नको. लगेच पाठोपाठ वाटलं, मग मी तुम्हाला कुठे न्यायला निघाले आहे? अकराव्या मजल्यावर, जिथे समोरच्या दाराआड कोण राहतं ते मला स्वतःला माहीत नाही. फ्लॅटचा विषय मी सोडला. पुन्हा काढणार नाही.

पण बाबा, गेल्या आषाढात तुम्ही बांधावरून घसरलात, तासभर चिखलात बसून राहिलात आणि मला आठ दिवसांनी कळवलंत, ते मी विसरलेले नाही. आपलं घर वाडीच्या टोकाला. आजूबाजूची चार घरं गणपतीपुरती उघडतात. तेव्हा दोन गोष्टी माझ्यासाठी करा. आई, तू रोज दिवेलागणीला ओटीवरचा दिवा लावतेसच. वरच्या घरातल्या वहिनींशी बोल, की दिवा दिसला नाही तर त्यांनी कुणालातरी पाठवायचं, आणि त्यांचा दिसला नाही तर तू. तुझ्या भिशीतल्या सगळ्यांनीच हे ठरवलं तर फारच बरं. इथल्या बाया आरिसानला, म्हणजे यांच्या भिशीला, जमतात तेव्हा कोण आलं नाही याची चौकशी आधी होते, पैशांचं नंतर.

दुसरी गोष्ट बाबांना कठीण जाईल. म्बाह काकुंगनी दोन वर्षांपूर्वी शेत 'मारो'ने दिलं, म्हणजे अर्धेलीने, पुतण्याला. तरी रोज पहाटे तेच बांधावर असतात. पेरणीचा दिवस तेच ठरवतात, पुतण्या पाणी त्यांना विचारून फिरवतो. कंबर वाकवायचं काम तेवढं पुतण्याचं. कूळ लागेल ही तुमची भीती मला कळते, आजोबांची वरची मळी कशी गेली ते ऐकतच मी वाढले. पण धाकट्या काकांचा मुलगा घरातलाच आहे, त्याला पॉवर टिलर चालवता येतो आणि तो गाव सोडून जायच्या विचारात आहे. त्याला एकदा बोलावून बघा. तालुक्याला वकिलांना विचारून काय लिहून घ्यायचं ते मी बघते. जोत तुम्ही धरू नका, पण तरवा कधी काढायचा ते तुम्हीच सांगा.

राब भाजून झाला का, बियाणं कुठलं आणलंत, ते कळवा. मी लावणीला येते आहे, तिकीट काढलं आहे. म्बाह काकुंग तुमच्यासाठी एक केंतोंगान करताहेत, जुन्या बांबूचं, आवाज दूर जावा म्हणून बांबू मुद्दाम सावलीत वाळवला आहे. पडवीत कुठे टांगायचं ते बाबांनी ठरवावं. आईचा हात पोचेल एवढं खाली हवं.

तुमची,
लेक