औषधं पाठवण्याआधी आशाताईंना एक फोन करा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी धाराशिव जिल्ह्यात बत्तीस वर्षे आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला तेव्हा मी निवृत्त होऊन घरी होते. दोन्ही वेळी बाहेरगावच्या, परदेशातल्या आपल्या माणसांनी भरभरून मदत पाठवली. त्या मदतीबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमच्या गावची पोरं पुण्यात आहेत, दुबईत आहेत, दोघं-तिघं अमेरिकेत आहेत. पुराच्या रात्री इथे लाइट नव्हती, शेजारच्या वस्तीवर काय चाललंय ते आम्हाला कळत नव्हतं. पण पुलावरून पाणी चालल्याचा व्हिडिओ तिकडे पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी पैसे गोळा केले, ओळखीचे डॉक्टर गाठले, औषधांची गाडीही ठरवली. कुणी त्यांना सांगायला गेलं नव्हतं. गावाबद्दलची ही माया पाहून ऊर भरून येतो. म्हणूनच ती वाया जाताना बघवत नाही.

आधी किल्लारीचं सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते आणि घरं अंगावर आली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आठवडाभरात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये औषधांच्या खोक्यांची थप्पी छतापर्यंत गेली. त्यातली कित्येक लेबलं अशा भाषेतली, की आमच्या डॉक्टरसाहेबांनाही वाचता येईनात. मुदत संपलेली होती, अर्धी वापरलेली पाकिटं होती. बाहेर ड्रेसिंगसाठी रांग लागलेली आणि आम्ही दोघी सिस्टर आत खोकी फोडत बसलेल्या. शेवटी खड्डा खणून बरीचशी पुरावी लागली. पुढे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम काढले. औषध गरजेपुरतंच पाठवा, त्यावर जेनेरिक, म्हणजे कंपनीचं नव्हे तर मूळ औषधाचं नाव असू द्या, पोहोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत उरलेली असावी, असं त्यात आहे. ते वाचताना मला तो खड्डाच दिसत होता.

या पुरातही पहिल्या गाडीतून खोकल्याच्या बाटल्या आणि ताकदीच्या गोळ्याच आल्या. त्याच संध्याकाळी समाजमंदिरात उतरलेली एक आजी माझा पदर धरून म्हणाली, ‘‘सिस्टर, माझी पांढरी गोळी वाहून गेली, पिवळी तेवढी राहिली. एकटी पिवळी घेतली तर चालंल का?’’ तिच्या मुठीत चिखलाने माखलेली एक पट्टी होती, चार गोळ्या शिल्लक असलेली. धुऊन पाहिली तर ती साखरेच्या आजाराची निघाली. वाहून गेलेली पांढरी बीपीची असणार, पण कोणती आणि किती पॉवरची, हे तिला तरी कसं ठाऊक?

मी दुबईतल्या आमच्या एका पोराला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘आत्या, नक्की काय पाहिजे ते सांग, बाकीचं आम्ही बघतो.’’ मग आमच्या दोन आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा स्वयंसेविका, गुडघाभर चिखलातून घरोघर फिरल्या. कुणाचं कोणतं औषध गेलं ते वहीत लिहिलं, सापडतील त्या पट्ट्यांचे फोटो काढले. ६३ नावं निघाली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी यादी तपासून दिली, पोरांनी बार्शीच्या होलसेलवाल्याला थेट पैसे पाठवले आणि दुसऱ्या दिवशी नावानिशी पुड्या वाटल्या. आजीलाही तिची पांढरी गोळी मिळाली. त्याच वहीत टीबीचा एक रुग्णही सापडला. त्याची औषधं सरकारकडून फुकट मिळतात, फक्त पूर आल्यापासून खंड पडला होता आणि तो कुणाजवळ बोलला नव्हता.

दुसरी गोष्ट वेळेची. पाणी ओसरलं की गाड्या थांबतात, आणि आमचं खरं काम तेव्हा सुरू होतं. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी डोकं वर काढतो. चिखलात सोयाबीन काढताना पायाला चिखल्या होतात, साप निघतात. विषारी साप चावलेल्या एका रुग्णाला सुरुवातीलाच सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या आठ-दहा कुप्या लागतात. तालुक्याच्या दवाखान्यात तेवढ्या आहेत का, हे आधी विचारून ठेवलेलं बरं. दिवाळीनंतर बँकेचा तगादा सुरू होतो आणि घरातला कर्ता माणूस गप्प गप्प होतो. तेव्हा घरी जाऊन बसणारं कुणीतरी लागतं. मनावरच्या ताणासाठी सरकारने सुरू केलेल्या टेलिमानस या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर अजून कितीतरी घरांत माहीत नाही. म्हणून पोरांनो, जमवलेल्या पैशातले निम्मे तरी दिवाळीनंतरसाठी राखून ठेवा.

कायद्याचंही बघावं लागतं. भारतीय नागरिक असलेल्या मुलाने परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी मात्र परदेशी ठरते. ती एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तिच्या दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यात द्यावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था हे पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. आमच्या अमेरिकेतल्या मंडळींचे पैसे यातच तीन आठवडे अडकले. परदेशातल्या डॉक्टरांनाही भारतातली नोंदणी असल्याशिवाय इथल्या रुग्णाला व्हिडिओवरून औषध लिहून देता येत नाही. पण आमच्या केंद्रातल्या तरुण डॉक्टरांशी रोज अर्धा तास बोलून ते अवघड केसमध्ये सल्ला देऊ शकतात. तशी माणसं आम्हाला हवीच आहेत.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. मराठवाड्यात पुन्हा असा प्रसंग आला, तर जिल्हा आवृत्तीत रोज एक छोटी चौकट द्यावी: कोणत्या आरोग्य केंद्राला आज काय हवं आहे आणि काय पुरेसं झालं आहे. माहिती आशाताई आणि डॉक्टर देतील. आपलं पान मोबाइलवर दुबईतही उघडतं, अमेरिकेतही उघडतं. आमच्या तालुक्यापुरती रोजची यादी संध्याकाळी सहापर्यंत आपल्याकडे पोहोचवण्याची जबाबदारी मी घेते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. परंडा, जि. धाराशिव