साक्षीदार हवेत

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर माझ्या लग्नाबद्दल तुम्ही "तुला हवं ते कर" म्हणालात. पण होकार देतानाचा तुमचा आवाज मला ठाऊक आहे आणि तो हा नव्हता. म्हणून लिहितेय.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आम्ही नोटीस दिली आहे. ती ३० दिवस कार्यालयात लावलेली असते आणि कुणालाही हरकत घेता येते. (काकांना सांगा, पत्रिका जुळत नाही हे कारण तिथे चालत नाही.)

कन्यादान मला नको, यावर मी अडूनच राहणार. हातावर पाणी सोडून मला कुणाला तरी देताहेत आणि मी मान खाली घालून बसलेय, असा फोटो मला आयुष्यभर खोटा वाटेल.

पण "माझं लग्न, इतरांचा काय संबंध" असंही मला म्हणवत नाही. हा कायदा सज्ञान मुलीकडे आईबापांची परवानगी मागत नाही, तरी दोघांनाच लग्न उरकू देत नाही. तीन साक्षीदार लागतात. त्यांच्या आणि विवाह अधिकाऱ्याच्या समोर एकमेकांना स्वीकारल्याचं म्हणायचं, दोघांना कळेल त्या भाषेत. सही माझ्या मैत्रिणींचीही चालेल. मला तुमची हवी आहे. ज्या नोकरीच्या जोरावर मी आज नाही म्हणू शकते, तिच्यापर्यंत मी पोचले ती बाबांनी मोडलेल्या एफडीमुळे आणि आत्याकडे राहून शिकले म्हणून.

आणि आई, तुझे ते "लोक". तुझं ऑपरेशन झालं तेव्हा भिशीतल्या त्याच बायकांनी आळीपाळीने डबे आणले. त्यांना मी कशी उडवून लावू? सगळ्यांना जेवायला बोलव. केळवणांना जाईन, मावशीकडचं ते अतिगोड श्रीखंडही खाईन. हळद तूच लाव. कायद्याला कुठलाही विधी चालतो, तेव्हा अंतरपाट धरा, मंगलाष्टकं आत्याला म्हणू दे. मानपान आणि देणंघेणं मात्र नाही, त्यांच्याकडूनही नाही.

तुम्ही दोघं आणि आत्या, तीन झाले. मूळ आधार कार्डं आणा, झेरॉक्सही. बाबांच्या कार्डावर अजून जुन्या घराचा पत्ता आहे, तेवढा आधी बदलून घ्या.

तुमची,
धाकटी