पासष्टीच्या गटात मी सगळ्यात लहान असेन

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

चि. निनाद,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझ्या डिस्क गोल्फचा, म्हणजे कमीत कमी फेकींत चकती साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायच्या खेळाचा, विषय निघाला आणि तू म्हणालास, "आई, खेळ ना, नाही कोण म्हणतंय? पण हौसेपुरतं खेळ. स्पर्धा कशाला?" तेव्हा तव्यावर पोळी होती, बाबा शेजारी उभे होते, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण तुला नीट उत्तर द्यायचं आहे, आणि फोनवर आपण दोघंही एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही. म्हणून लिहिते.

आधी तुझ्या काळजीचं. टी-पॅडवर, म्हणजे पहिली फेक जिथून करतात त्या ओट्यावर, ओल्यात माझा पाय घसरला आणि मनगट मुरगळलं, तेव्हापासून तू धास्तावला आहेस. मनगट आता पूर्ण बरं आहे, कणीकसुद्धा मळते. तेव्हापासून मी धावत येऊन डिस्क फेकणं सोडलंय. उजव्या हाताने बॅकहँड फेकताना सगळा भार शेवटी उजव्या पायावर येतो, कंबर वळते आणि गुडघा पिळवटतो. तिशीतल्या गुडघ्याला ते चालतं. मी आता दोन्ही पाय रोवून उभ्याउभ्या फेकते. डिस्क थोडी कमी जाते, पण सांगेल तिथे जाते. आमच्याकडचे कोर्स पाइनच्या झाडीतले. खोडांमधून जेमतेम वाट असते. तिथे ताकदीपेक्षा नेम जास्त लागतो.

डिस्कही बदलल्या. प्रत्येक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटी खाली पडतानाचं वळण. बारा-तेरा वेगाच्या डिस्क तरुण मुलं सणसणीत फेकतात. माझ्या हाताच्या वेगाला ती डिस्क उडतच नाही, लगेच डावीकडे पडते. मी सहा-सात वेगाच्या वर जात नाही आणि १७५ ग्रॅमऐवजी १५० ग्रॅमच्या वापरते. त्या आधी थोड्या उजवीकडे झुकतात, मग सरळ होतात आणि शेवटी अलगद डावीकडे येतात. सकाळी खांद्याला रबरी पट्ट्यांचा व्यायाम चुकवत नाही. झाडीतून आलं की पायावर गोचीड आहे का ते बघते. वाळक्या पानांत कॉपरहेड साप असतात, त्यामुळे हरवलेली डिस्क शोधताना आधी काठी, मग हात. सांगायचं एवढंच, की आई बेफिकीर नाहीये.

आता तुझा खरा प्रश्न.

मी नाशिकला शाळेत खो-खो खेळायचे, हे तुला माहीत आहे. त्यानंतर लग्न, बँकेची नोकरी, तू, मग इथे येणं. या सगळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण इतक्या वर्षांत खेळाडूंच्या एकाही यादीत माझं नाव लागलं नाही. फिटनेससाठी चालले, योगासनं केली, तुझ्या क्रिकेटच्या सामन्यांना डबे घेऊन बसले. या वयात बाईने व्यायाम केला की सगळे कौतुक करतात. तिला जिंकायचं आहे म्हटलं की मात्र लोक गप्प होतात. मला जिंकायचं आहे, निनाद.

हौसेच्या खेळात डिस्क झाडावर आदळली की कुणीतरी प्रेमाने म्हणतं, "अगं, परत फेक, ती धरायची नाही." स्पर्धेत ती धरतात. तुझी पाळी आली आणि वाट मोकळी झाली की ३० सेकंदांत फेकायचं. हद्दीबाहेर गेली की एका फेकीचा दंड. बास्केटपासून १० मीटरच्या आत असताना फेकल्यावर तोल सावरून दाखवायचा, तोवर पुढे पाऊल टाकायचं नाही. बहुतेक वेळा पंच नसतोच. एका कार्डावर, म्हणजे एका गटात, खेळणारे तीन-चार जण एकमेकांच्या फेकींचे आकडे लिहितात, एकमेकांना चूक दाखवतात, आणि डिस्क आत की बाहेर याचा संशय आला तर फायदा फेकणाऱ्याला देतात. वयाकडे बघून कुणी एक आकडा कमी लिहीत नाही. मला तो मान वाटतो. घरी तुम्ही सगळे माझ्या हातातली पिशवी काढून घेता. तिथे कुणी घेत नाही.

या खेळाने म्हाताऱ्यांना कडेला बसवलेलं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. चाळीसपासून गट सुरू होतात. पुढे ५०, ५५, ६०, ६५, ७०, ७५ आणि ८०. प्रत्येकाची वेगळी ट्रॉफी, वेगळी यादी. मुळात ज्यांनी हा खेळ बांधला ते एड हेड्रिकच तेव्हा पन्नाशीला आलेले होते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कला पहिला कायमचा कोर्स झाला, मग साखळ्यांची बास्केट आली, आणि १९७६ मध्ये पीडीजीए ही या खेळाची संघटना. २००२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेने त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. बाबांना हे विचित्र वाटलं. मला नाही वाटलं.

बायका कमी येतात, हे खरं. साठीच्या बायकांच्या गटात कधी कधी मी एकटीच असते. एकटीने मिळवलेल्या ट्रॉफीत मला रस नाही, म्हणून अशा वेळी मी मिश्र गटात, साठीच्या पुरुषांमध्ये नाव देते. नियमाने तो गट सगळ्यांना खुला असतो. तिथे मी बहुधा खालून दुसरी-तिसरी येते, पण खेळ सुधारतो. रेटिंग, म्हणजे खेळाडूचा दर्जा सांगणारा आकडा, तोही त्याच दिवशी त्याच कोर्सवर बाकीचे कसे खेळले त्याच्याशी ताडून निघतो, त्यामुळे वारा होता, पाऊस होता, अशी सबब उरत नाही. १००० म्हणजे उत्तम खेळाडू. मी सातशेच्या अलीकडेपलीकडे आहे आणि आकडा दर महिन्याला बदलतो. त्या दिवशी मी सकाळी चहाच्या आधी तो बघते.

गेल्या स्पर्धेत माझ्या कार्डावर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. एक गुडघा बदललेला. दोन फेकींच्या मध्ये घडीच्या स्टुलावर बसतात, पाळी आली की उठतात. दुपारच्या फेरीत, उकाड्याने सगळे थकलेले असताना, त्या साधारण दहा मीटरवर उभ्या राहिल्या. समोर दोन झाडं, मागे उतार, म्हणजे चुकली तर डिस्क घरंगळत जाणार. मी असते तर जवळ टाकून पुढच्या फेकीत आत घातली असती. त्यांनी अंगठ्याने डिस्कची कड पुसली, एकदा श्वास सोडला आणि थेट फेकली. साखळ्या खणखणल्या. त्या एका आकड्याने त्यांनी मला हरवलं. मग माझ्याकडचे शेंगदाण्याचे लाडू खाता खाता त्यांनी मला बोटांची पकड दाखवली. आता मी रोज संध्याकाळी मागच्या अंगणात तशीच पकडून फेकते. त्यांना हरवायचं आहे, आणि त्या पूर्ण जोमात असताना हरवायचं आहे.

पाच वेळा जगज्जेती झालेली जुलियाना कॉर्व्हर पन्नाशीच्या आसपास पुन्हा खुल्या गटात, तिच्या निम्म्या वयाच्या मुलींबरोबर खेळायला लागली. तिची आणि माझी बरोबरी नाही, पण तिला कुणी "आता हौसेपुरतं" म्हटलं असतं तर तिने काय उत्तर दिलं असतं, याची मला कल्पना आहे.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मी ६५ ची होईन. पण या खेळात वाढदिवसाची वाट बघावी लागत नाही. ज्या वर्षी पासष्ट पूर्ण होणार त्या वर्षाच्या १ जानेवारीपासूनच तो गट खुला होतो. म्हणजे जानेवारीपासून मी पासष्टीच्या गटात, आणि तिथे सगळ्यात लहान! आयुष्यात पहिल्यांदाच मी पुढचा वाढदिवस आत्तापासून मोजते आहे.

तू ऑक्टोबरमध्ये येतोयस, तेव्हा आपण रॉक हिलला जाऊ. विन्थ्रॉप विद्यापीठाच्या मैदानावर १९९९ पासून अमेरिकेची मोठी स्पर्धा होते, इथून गाडीने जेमतेम अर्धा-पाऊण तास. आणि त्याच सुमाराला हॉर्नेट्स नेस्ट पार्कला आमची एक छोटी स्पर्धा आहे, तिथे मला कॅडी, म्हणजे बॅग घेऊन बरोबर चालणारा मदतनीस, हवा आहे. नियमात बसतं. फक्त लक्षात ठेव, कॅडीचं वागणं चुकलं तर दंड खेळाडूला बसू शकतो, म्हणून मी फेकायला उभी राहिले की माझ्या गुडघ्याबद्दल काही बोलायचं नाही. झाडीत चालता येईल असे बूट आण. बॅग जड असते.

बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई