घोड्या पाठवतोय

डिचोली,
रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी ओरडलो, तू फोन ठेवलास, आणि तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. म्हणून हे पत्र. आजोबांची फियाट तू मडगावला नेलीस याचा मला राग नाही. राग आला तो फोटो बघून. गाडीखालून तुझे दोन पाय बाहेर, पायांत रबरी चपला, पुढचं चाक काढलेलं आणि सगळा भार एका जॅकवर. जॅक मी ओळखला. डिकीतलाच तो, पंक्चर झालं तर चाक बदलण्यापुरता. आणि खाली पावसाने भिजलेली माती.

जॅकने गाडी नुसती वर घ्यायची. आत जायचं ते घोडी, म्हणजे गाडी खालून पेलणारा लोखंडी आधार, लावल्यावर. एवढं सांगून हा विषय संपवतो.

ब्रेकच्या सिलिंडरचे रबर तू स्वतः बदललेस, तो फोटो मी बाजारात भाईला दाखवला. त्याला खरंच वाटेना. चारही चाकांना ड्रम, प्रत्येकाच्या स्प्रिंगा काढून परत बसवायच्या म्हणजे बोटं सोलतात. तुझी सोलली असणार, तू सांगितलं नाहीस. दादाला मी हातात पाना देऊन शिकवलं, तुला नाही शिकवलं. ते चुकलंच माझं.

इंजिन इतकी वर्षं बंद आहे, तेव्हा एकदम सेल्फ मारू नको. प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड, दोन दिवस तसंच ठेव, मग हाताने फिरतंय का बघ. कार्बुरेटर उघडशील तेव्हा आधी बॅटरीची अर्थची वायर काढ. पेट्रोलची वाफ खाली जमिनीलगत साचते, दिसत नाही. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नको, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. मॅट उचलून पत्रा पेचकसने ठोकून बघ, खारं वारं आधी तिथेच खातं. रंगाचं दिवाळीनंतर बघू, या दमटपणात फोड येतात. आणि हँडब्रेकवर विसंबू नको, ती केबल गंजलेली आहे. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव आणि घोडी

बघ, परत तिथेच आलो. रागावू नको. तुला हे सगळं ठाऊक असेल, तू वाचून करतेस.

१९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला आणि पणजीला जायला पुन्हा बेतीची फेरीबोट आली. त्या पावसात आजोबांनी मला पहिल्यांदा याच गाडीचं स्टिअरिंग दिलं, तेही फेरीच्या उतारावर! गिअर स्टिअरिंगलगतचा, माझा क्लचवरचा पाय थरथरतोय, पुढे पाणी. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांचा हात शेवटपर्यंत हँडब्रेकवर होता. बोटीत चाकं टेकली तेव्हा तो हात त्यांनी धोतराला पुसला. ते भ्यायले होते हे मला परवा तुझा फोटो बघताना कळलं.

आता एक सांगतो, ते तुझ्या आईलाच माहीत आहे. खाणी जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. एका यार्डात आमच्या टिप्परचे, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकचे, स्प्रिंगचे पाटे बदलत होते. हेल्पर एकोणीस वर्षांचा. मी म्हटलं, लवकर कर, जेटीवर ट्रिप चुकेल. घोडी शोधायला वेळ नको म्हणून तो तसाच आत गेला. माती ओली होती. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. एक चप्पल तेवढी बाहेर राहिली.

टिप्पर माझा होता, मनू. घाई माझी होती.

त्यानंतर मी चॅनलचे तुकडे जोडून दोन घोड्या स्वतः वेल्ड केल्या. २०१२ ला खाणी बंद झाल्या, टिप्पर भंगारात गेले, घोड्या मात्र मी दिल्या नाहीत. गोठ्यात पडून होत्या. काल घासून रेड ऑक्साइडचा हात मारला. शनिवारी दादा कदंबाच्या बसने येतोय, त्याच्याकडे देतो. जड आहेत, स्टँडवर घ्यायला ये. आईने नेवऱ्यांचा डबा दिलाय.

खाली पक्की लादी असेल तिथेच लाव, नाहीतर जाड फळी घाल. लावल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघ. हलली तर आत जाऊ नको. शनिवारपर्यंत तर खाली जाऊच नको. वरची कामं कर, दिव्यांचं वायरिंग बाकी आहे ना तुझं?

चपला नकोत, बूट घाल.

तुझे
बाबा