प्रेमकथेतील माणसे चुकणारच

गेल्या रविवारच्या पुरवणीतील आजच्या प्रेमकादंबऱ्यांवरील लेख वाचला. चुकणाऱ्या, संशयी नायकांमुळे प्रेमकथा उणी होते, हे मत पटले नाही. मराठीला असा नायक नवा नाही. १९३९ साली आलेल्या विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ या कादंबरीतला नायक चक्रधर मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर हॅर्टा या जर्मन ज्यू तरुणीच्या प्रेमात पडतो, पण जुन्या प्रेमभंगाचा कडवटपणा त्याला तिच्यासाठी ठामपणे उभे राहू देत नाही. म्हणूनच ती बोट मनातून जात नाही. मारहाण, पाळत यांनाच उत्कटता ठरवणाऱ्या कादंबऱ्यांबाबत मात्र लेखाशी मी पूर्ण सहमत आहे. परवा वाचनालयात पुस्तक परत करताना एक मुलगी म्हणाली, “तो माफी मागतो, पण ती लगेच ‘हो’ म्हणत नाही, तेच आवडलं.”

– एक वाचक, गिरगाव, मुंबई