सुमे, चहापायी अब्रू गेली

हॅम्बुर्ग, १२ डिसेंबर

प्रिय सुमे,

चार महिने पत्र नाही की फोन नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

तर काल अब्रू गेली. इथे डिसेंबर आला की ख्रिसमसचे चहा निघतात, म्हणजे कोरा चहाच, पण पत्तीत संत्र्याची साल, दालचिनी, लवंग, बदामाचे काप, शिवाय वरून वासाचं काहीतरी फवारलेलं. ऑफिसात एकाने चार आणले, नावं झाकली आणि म्हणाला ओळखा. सगळे माझ्याकडे बघायला लागले, भारतातली ना! मीही ऐटीत बसले. हा आधी चहाच्या धंद्यात होता, त्यामुळे सगळं मोजूनमापून, १०० मिलीला २ ग्रॅम पत्ती, ६ मिनिटं झाकून, साखर नाही. म्हणे टेस्टिंगची आंतरराष्ट्रीय रीतच आहे. आणि प्यायचा कसा, तर चमच्याने जोरात भुरका मारून, म्हणजे वास घशातून नाकात चढतो. तुझ्या मुंबईच्या पाहुण्यांसमोर मी बशीतून भुरकले म्हणून आठवडाभर अबोला धरला होतास ना, ते शास्त्र होतं बाई!

पहिल्यात लवंग-दालचिनी, तेवढं जमलं. दुसऱ्याला मी छातीठोकपणे वेलदोडा म्हटलं, निघाले इथल्या जत्रेतले साखरेत परतलेले बदाम. तिसरा भाजलेल्या सफरचंदाचा, मी म्हटलं चिंच. अजून हसतायत. चौथा पिऊन मी विचारलं, यात नक्की काय घातलंय? तर काहीच नाही. साधा आसाम.

सुमे, रात्रभर तेच डोक्यात. तू म्हणायचीस, तुला चहा नाही कळत, आलं आणि साखर कळते, आणि मी कप आपटून निघून गेले होते (काकूंना कपाचे पैसे तूच दिलेस, माहितीय). इतकी वर्षं दिवसाला चार कप ढोसले आणि नुसती पत्ती कशी लागते ते ठाऊक नाही? मग बाळ्याबद्दल तू म्हणायचीस तेही खरं असेल का, नको, ते लिहूच नकोस. तोच माणूस नंतर म्हणाला, त्याची आजी ओस्टफ्रीसलँडची, म्हणजे जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यावरची, तिकडे कपात खडीसाखर, वर क्रीम, ढवळायचं नाही, आणि निदान तीन कप घ्यायचेच. मी म्हटलं, मग आजीलाच बोलव ना स्पर्धेला.

राजाच्या ॲडमिशनचं काय झालं? बाबांचे डोळे? घराचा हप्ता सुरू झाला का? सगळं लिही.

सोबत एक पाकीट पाठवतेय, नाव काळ्या पेनने खोडलंय. कोराच पी आणि ओळखून सांग. चुकलीस तर लगेच फोन कर, मध्यरात्र असली तरी चालेल.

तुझीच,
नंदी